सात कुणाचा, बारा कुणाचा?

पुणे-दौंड रेल्वेमार्गावर यवत सोडलं की खुटबाव येतं आणि मग केडगाव. डब्याच्या खिडकीतून बघितलं तर दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच कांद्याचे वाफे आणि कुठेतरी गुऱ्हाळाचा धूर. मुठेचा उजवा कालवा खडकवासल्याहून या टापूत पाणी आणतो, म्हणून हे हिरवेपण. कालव्याच्या पाण्याखालचा शेतकरी आणि त्याच तालुक्यातला पावसावर विसंबून असलेला शेतकरी यांच्या ताटात फरक आहे. पण एक गोष्ट दोघांना सारखीच मिळते. वर्षातून तीनदा मोबाइल वाजतो आणि खात्यात दोन हजार रुपये जमा झाल्याचा निरोप येतो. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार. त्यात २०२३पासून राज्य सरकारच्या 'नमो शेतकरी महासन्मान निधी'चे आणखी सहा हजार.

ज्या दिवशी हा हप्ता येतो त्या दिवशी गावात दोन प्रकारची माणसं असतात. एकाच्या खात्यात पैसे आलेले असतात. तो कदाचित हडपसरला किंवा पिंपरीला राहतो आणि दिवाळीला, जत्रेला गावी येतो. दुसऱ्याच्या खात्यात काहीच आलेलं नसतं, आणि तो त्या घटकेला पहिल्याच्या रानात दारं धरत उभा असतो. पहिल्याचं नाव सातबाऱ्यावर आहे, दुसरा वाटेकरी आहे. सरकारच्या लेखी शेतकरी म्हणजे पहिला.

हे असं का झालं, याचा शोध घ्यायचा तर आधी सातबाराच नीट वाचावा लागतो. आपण एका दमात 'सातबारा' म्हणतो, पण ते दोन वेगळे कागद आहेत. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख आहे, म्हणजे जमीन कुणाची याचं उत्तर. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही आहे, म्हणजे रानात काय उभं आहे याचं उत्तर. जुन्या हातानं लिहिलेल्या बाऱ्यात तर प्रत्यक्ष जमीन करणाऱ्याचं नाव लिहिण्यासाठी रकाना असे. सात विचारतो मालक कोण, बारा विचारतो कसतो कोण. सरकारी पैसा साताच्या वाटेनं जायचा की बाराच्या, हा प्रश्न या मुलखात आजचा नाही. निदान साडेतीनशे वर्षांचा आहे.

सरकारनं शेतकऱ्याला दिलेल्या पैशासाठी मराठीत जुना शब्द आहे तगाई. माझ्या वयाच्या माणसांनी तो घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे. तो मूळ अरबी. 'तकविया' म्हणजे बळ देणं, ताकद भरणं. 'कुव्वत' त्याच धातूचा. उर्दूत आजही औषधानं किंवा खुराकानं येणाऱ्या बळाला 'तकवियत' म्हणतात. बाळंतिणीला डिंकाचे लाडू देताना आमच्या घरातल्या बायका हाच शब्द वापरत. खरीप, रब्बी, महसूल, तहसील, वसूल हे सगळे त्याच वाटेनं मराठीत आले आणि इतके रुळले की ते परके आहेत असं कुणाला वाटत नाही. पण तगाई या शब्दात एक विचार दडलेला आहे. तगाई म्हणजे दान नव्हे, बक्षीस नव्हे, सन्मानही नव्हे. जो नांगर धरणार आहे त्याच्या अंगात बळ यावं म्हणून दिलेली रक्कम.

दिल्लीच्या सुलतानांच्या काळात मुहम्मद बिन तुघलकानं दुष्काळानंतर ओसाड जमीन लागवडीखाली आणायला अशी कर्जं मोठ्या प्रमाणावर वाटली. बराचसा पैसा मधल्यामध्ये जिरला आणि वसूल झाला नाही. १३५१मध्ये फिरोजशाह गादीवर आला तेव्हा त्यानं ही थकबाकी सोडून दिली. इतिहासकार अफीफ ती दोन कोटी टंक होती असं सांगतो. म्हणजे कर्जवाटप, मधल्यांची हातसफाई आणि शेवटी माफी, हा सगळा क्रम पावणेसातशे वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलेला आहे. पुढे अकबराच्या अंमलदारांनाही आदेश होता की गरजू रयतेला पैसे उसने द्यावेत आणि हळूहळू परत घ्यावेत.

आपल्या भागात निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं महसुलाची घडी बसवली. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनच्या जमिनीचा हिशोब लावतो आणि १६२६मध्ये मरेपर्यंत जहांगीरच्या फौजांना तोंड देतो. त्यानं महसुलाची मक्तेदारी मोडून गावाशी थेट व्यवहार ठेवला. त्याच्यामागे पाचसहा वर्षांत सगळं विस्कटलं. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं उद्ध्वस्त केलं आणि त्याच वेळी मोठा दुष्काळ पडला. पुणे आणि सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीचे परगणे. तिथं दादोजी कोंडदेवांनी पुन्हा वसाहत केली ती सवलतीच्या सारावसुलीनं. पहिल्या वर्षी अगदी थोडा सारा आणि मग दरवर्षी थोडा थोडा वाढवत नेणं, याला इस्तावा म्हणत. पडीक जमीन जो उठवील त्याला सूट. ती कुणाच्या मालकीची आहे यापेक्षा ती कोण उठवतो आहे हे महत्त्वाचं.

याच धोरणाचं सगळ्यात स्वच्छ रूप शिवाजी महाराजांच्या एका पत्रात दिसतं. ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला ते लिहिलेलं आहे. प्रभावळी कोकणातली, पण विचार सगळ्या स्वराज्याचा. त्याचा आशय असा. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, कुणाकडे किती माणसं, किती बैल आहेत ते बघ. ज्याच्या घरात राबायला माणसं आहेत पण बैल नाहीत त्याला बैलांसाठी रोख पैसे दे, खायला दाणे दे आणि त्याच्यानं होईल तेवढी जमीन करू दे. परतफेड घेताना वाढीदिढी लावायची नाही, फक्त मुद्दल आणि तेही त्याला झेपेल तसतसं. मागची बाकी जो देऊच शकत नाही त्याचा विचारही करायचा. या यादीत नाव येण्याची अट बघा. जमिनीचा कागद नव्हे, तर राबणारे हात.

कंपनी सरकार आलं आणि हे गणित उलटलं. पुणे जिल्ह्यात प्रिंगलची पहिली मोजणी १८२०च्या दशकाच्या अखेरीस झाली आणि सारा इतका जड ठरला की रानं ओस पडली. मग १८३५मध्ये गोल्डस्मिडनं इंदापुरापासून नवी मोजणी सुरू केली, विंगेट त्यात सामील झाला आणि तीस वर्षांचा बंदोबस्त लागला. प्रत्येक तुकड्याला नंबर मिळाला, प्रत्येक नंबरासमोर खातेदाराचं नाव चढलं. रयतवारी ती हीच. रयतेला नाव मिळालं हा तिचा फायदा. पण नाव मिळालं म्हणजे जमीन गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली आणि सावकाराला हवी असलेली वस्तू तयार झाली.

नंतरची गोष्ट अनेकांनी लिहिली आहे. १८५८मध्ये रेल्वे पुण्याहून दौंडपर्यंत आली आणि इथला माल मुंबईला जायची सोय झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला, मुंबईत भाव चढले आणि दख्खनच्या खेड्यात सावकारानं हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव पडले. नेमक्या त्याच वेळी तीस वर्षांची मुदत संपून १८६७पासून इंदापूर आणि मग आसपासच्या तालुक्यांत नवा सारा आला, काही ठिकाणी पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढलेला. खतपत्राची मुदत कायद्यानं तीन वर्षांची केलेली. हेतू होता व्याज साचू नये, पण सावकारानं दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घ्यायला सुरुवात केली. अक्षरओळख नसलेल्या कुणब्यानं काय लिहिलंय ते न कळता अंगठा उठवायचा आणि कोर्टानं तो अंगठा खरा धरायचा.

दौंडचा हा टापू तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. डिसेंबर १८७४मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुखाच्या घरावर हुकूमनामा आणला आणि गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हाव्यानं हजामत करायची नाही, पाणक्यानं पाणी भरायचं नाही. १२ मे १८७५ला भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. सावकारांची दुकानं-घरं फोडली आणि खतपत्रं, वह्या बाहेर काढून जाळल्या. चोवीस तासांच्या आत चौदा मैलांवरच्या एका गावात सावकाराच्या गंज्या आणि घर पेटलं. पुढे शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे लोण पसरलं. ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जणांना शिक्षा. पण सावकारांच्या जिवाला हात लावण्याचे प्रकार फार थोडे. लोकांना माणूस नको होता, कागद हवा होता. तो जळला की परत जात.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. पाठोपाठ १८७६-७८चा दुष्काळ आला. मग १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. पण त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळी होती. खतावर काय लिहिलं आहे एवढ्यावर न थांबता त्या खताच्या मागे जाऊन व्यवहार मुळात कसा झाला, हातात खरे किती पैसे पडले, हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. कागद आणि वास्तव यांत फरक असेल तर वास्तव बघा, असं इंग्रजी कायद्याला पहिल्यांदा मान्य करावं लागलं, ते आपल्या भीमथडी-शिरूरमुळे. हा मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

सावकार नको तर मग पैसा कुठून आणायचा? १८८२मध्ये विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँकेचा प्रयोग करावा अशी योजना मांडली आणि न्यायमूर्ती रानड्यांनी ती उचलून धरली. हिंदुस्थान सरकार राजी झालं, लंडनच्या भारतमंत्र्यानं मोडता घातला. हाती राहिली जुनीच तगाई, आता कायद्याच्या भाषेत. १८८३चा कायदा जमीन सुधारणेच्या कर्जासाठी, म्हणजे विहीर, ताल, बांध. १८८४चा बी-बियाणं आणि बैलांसाठी. नाव तेच, पण अट बदलली. थकलेली तगाई साऱ्याच्या थकबाकीसारखी वसूल करण्याची तरतूद होती, म्हणजे जप्ती जमिनीवर येणार. म्हणून तारण हवं, जामीन हवा, उतारा हवा. ज्याच्याकडे जमीन त्याला तगाई. महाराजांच्या पत्रातला तो माणूस, ज्याच्याकडे हात आहेत पण बैल नाहीत, तो इथं यादीतून गळाला. त्याच वर्षी, १८८३मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला, हा योगायोग म्हणा.

स्वातंत्र्यानंतर ही चूक दुरुस्त करण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. १९४८चा मुंबई कुळवहिवाट कायदा आणि त्यातला १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानं तिचं मालक मानलं गेलं. बारा नंबरचं नाव सात नंबरवर चढलं, एवढ्या शब्दांत तो कायदा सांगता येईल. महाराष्ट्रातली कितीतरी कुटुंबं आज जमिनीची मालक आहेत ती या एका तारखेमुळे.

पण त्याच कायद्याच्या धाकानं पुढची कुळं अदृश्य झाली. एकदा जमीन गेलेली बघितलेल्या मालकानं ठरवलं की यापुढे कुणाचं नाव कागदावर लागू द्यायचं नाही. जमीन वाट्यानं द्यायची ती तोंडी. निम्मा वाटा की तिसरा, बी कुणाचं, खत कुणाचं, पाणीपट्टी कुणी भरायची, सगळं पारावर ठरतं. लिहायचं काही नाही. एकाच माणसाकडे सलग पाचसात वर्षं ठेवायची नाही, त्याला हक्क वाटायला लागतो. कुळाला संरक्षण देणाऱ्या कायद्यानंच नव्या कुळाला कागदाबाहेर ढकललं. यात मालक दुष्ट आहे असं नाही. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन २०१५-१६च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर होती. सव्वातीन एकरांचा धनी स्वतःच नोकरीच्या शोधात शहरात गेलेला असतो, आणि तेवढा तुकडा जाईल ही भीती खरी असते.

या साठसत्तर वर्षांत एक योजना अशी झाली जिनं जमीन विचारलीच नाही. १९७२च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला गेले. वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून आधी सुरू झालेल्या रोजगार हमीला त्या दुष्काळानं आकार दिला, १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९मध्ये तो अमलात आला. तिथं सातबारा लागत नव्हता. हजेरीपटावर नाव आणि दिवसभराचं काम, बस. म्हणून तिथं बाया आल्या, भूमिहीन आले, मुलाणी-तांबोळी-पिंजारी आले, दलित वस्ती आली. हजेरीपटात लबाड्या झाल्या नाहीत असं नाही. पण सरकारी पैसा घामाच्या वाटेनं जाऊ शकतो हे याच राज्यानं करून दाखवलं, आणि देशानं २००५मध्ये ते उचललं.

त्यानंतर वारं फिरलं. २००८ची केंद्राची कर्जमाफी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण आणि त्यावरच्याला पंचवीस टक्के सूट देणारी. जून २०१७मध्ये पुणतांब्यातून शेतकरी संप उठला आणि त्याच महिन्यात दीड लाखापर्यंतची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली. डिसेंबर २०१९मध्ये दोन लाखांपर्यंतची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. नावं बघा, महाराज आणि जोतीराव. दोघांनीही राबणाऱ्याचा कैवार घेतला. पण माफी मिळते बँकेच्या कर्जाला, पीककर्ज मिळतं उताऱ्यावर, आणि वाटेकऱ्याचं कर्ज असतं दुकानदाराकडे, खतवाल्याकडे, नाहीतर मालकाकडेच. त्याला माफी करणारा कुणी नाही.

२४ फेब्रुवारी २०१९ला गोरखपूरहून पीएम किसानचा पहिला हप्ता सुटला. आधी दोन हेक्टरांची मर्यादा होती, काही महिन्यांत ती उठली. योजनेच्या भाषेत पात्र कुटुंब म्हणजे जमीनधारक कुटुंब : नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. १ फेब्रुवारी २०१९ला जमिनीच्या दप्तरात नाव असलं पाहिजे. वारसा सोडून त्यानंतर झालेल्या फेरफाराला पाच वर्षं लाभ नाही. आयकर भरणारे, वरच्या हुद्द्याचे सरकारी नोकर, दहा हजार आणि त्यावर पेन्शन घेणारे वगळलेले. तरीही माहितीच्या अधिकारात २०२१च्या सुरुवातीला जे बाहेर आलं त्याप्रमाणे वीस लाखांहून अधिक अपात्र लोकांना सुमारे १,३६४ कोटी रुपये गेले होते. पंजाब आणि आसामच्या जोडीला महाराष्ट्राचं नाव त्यात वर होतं. तहसीलदारांच्या वसुलीच्या नोटिसा गावोगाव गेल्या. दप्तरात नाव असलेल्याला आणि गरज असलेल्याला एकच माणूस समजलं की असं होतं.

त्यानंतर ई-केवायसी, आधार जोडलेलं बँक खातं, जमिनीच्या नोंदीची जोडणी आणि २०२५पासून शेतकरी ओळख क्रमांक. चोरी थांबावी म्हणून प्रत्येक पायरी आली आणि तिला कारण होतं. पण प्रत्येक पायरीनं जमिनीच्या कागदाची पकड आणखी घट्ट केली. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी आली. आता पिकाचा फोटो काढून नोंद मोबाइलवरून करायची. जो बारा नंबर कधीकाळी रानातला माणूस टिपत होता तोही खातेदाराच्या खात्यावर गेला. पीक नोंदलं जातं, ते पिकवणारा नोंदला जात नाही.

सहा हजार रुपये म्हणजे दिवसाला साधारण सोळा रुपये. एवढ्यासाठी कशाला भांडायचं, असं कुणी म्हणेल. पण प्रश्न सहा हजारांचा राहत नाही. त्याच नावावर बाकीचं सगळं टांगलेलं आहे. २०२३मध्ये लाल कांद्याचे भाव कोसळले तेव्हा राज्य सरकारनं फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे साडेतीनशे रुपये अनुदान दिलं, दोनशे क्विंटलपर्यंत. अट होती सातबाऱ्यावर कांद्याची नोंद. विक्रीची पावती एका नावाची, उतारा दुसऱ्या नावाचा, असं झालं की प्रकरण अडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रानं निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. चाकणच्या कांदा आंदोलनापासून शरद जोशी सांगत आले की सरकार एका हातानं देतं त्याहून जास्त दुसऱ्या हातानं काढून घेतं. त्यांचं म्हणणं मालक शेतकऱ्याला लागू आहेच. वाटेकऱ्याच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे : काढून घेणारा हात त्याच्यापर्यंत पोचतो, देणारा पोचत नाही. पीक विम्यात वाटेकऱ्याला जागा आहे, पण नोंदणीकृत भाडेकराराची अट आहे. मालक तोंडी बोलतो तेही चारचौघांत बोलत नाही, तो नोंदणी कार्यालयात कशाला येईल?

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. ज्या अमेरिकी कापसानं १८६०च्या दशकात दख्खनला आधी चढवलं आणि मग आपटलं, त्याच कापसाच्या मुलखात १९३३मध्ये रूझवेल्ट सरकारनं शेतकऱ्यांना अनुदान द्यायला सुरुवात केली. भाव पडले होते, म्हणून कापूस कमी लावा, त्याबद्दल पैसे घ्या अशी ती योजना. करार झाले जमीनमालकांशी. वाटेकऱ्यांना त्यातला वाटा मिळावा अशी अपेक्षा होती. झालं उलटं. रान कमी लावायचं म्हणून मालकांनी वाटेकऱ्यांनाच हाकललं, आणि हाकललं की वाटा द्यायचाही प्रश्न उरला नाही. जुलै १९३४मध्ये आर्कान्सा राज्यातल्या टायरोन्झा गावाजवळ काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांनी मिळून संघटना उभी केली. वंशभेदाच्या त्या काळात काळे-गोरे एका संघटनेत बसले ते या एका अनुभवानं : सरकारचा पैसा आला आणि आमचं घर गेलं. मदत मालकाच्या नावानं दिली की राबणाऱ्याला ती नुसती मिळत नाही असं नाही, ती कधीकधी त्याच्यावर उलटते.

आपल्याकडे अजून तसं हाकलणं झालेलं नाही. पण शेतकरी असूनही शेतकरी न ठरणाऱ्यांची यादी लांब आहे. इनामी जमिनी घ्या. देवस्थानाच्या किंवा मशीद-दर्ग्याच्या नावावर असलेली जमीन पिढ्यान्‌पिढ्या गुरव कसतो, मुलाणी कसतो, मुजावर कसतो. संस्थेच्या नावावरची जमीन पीएम किसानमध्ये बसत नाही. बांधाला बांध लागून असलेले गुरव आणि मुलाणी या बाबतीत अगदी सख्खे भाऊ आहेत, दोघांनाही हप्ता नाही.

बायकांचं तर विचारूच नका. खुरपणी, लावणी, काढणी त्यांची आणि उतारा नवऱ्याचा. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा अनेक घरांत बायकोचं नाव जमिनीला लागलं. तेवढं सोडता फारसं बदललं नाही. इथं मला माझ्याच समाजाकडे बोट दाखवलं पाहिजे. कुरआननं मुलीला बापाच्या मालमत्तेत ठरलेला हिस्सा दिला, याचा अभिमान आम्ही व्यासपीठावरून सांगतो. पण १९३७च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली होती, आणि गावात बाप गेला की बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्यात आमचे भाऊ कुणाच्या मागे नाहीत. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव नाही, म्हणून ती शेतकरी नाही, म्हणून हप्ताही नाही. दोष सगळा सरकारचा नसतो.

मग करायचं काय? ओडिशानं २०१८-१९मध्ये 'कालिया' योजना आणली तेव्हा छोट्या जमीनमालकांबरोबर वाटेकरी आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबंही तिच्यात घेतली. अडचणी आल्या, यादीत गोंधळ झाले, पण 'त्यांना ओळखताच येत नाही' हे कारण पुढे केलं गेलं नाही. नीती आयोगानं २०१६मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला. त्यातला विचार सोपा आहे : वाटेकऱ्याची नोंद करा, पण त्या नोंदीवरून मालकी सांगता येणार नाही असंही कायद्यातच लिहा. मालकाची भीती गेली तर तोंडी वाटा कागदावर येईल. काही डाव्या संघटनांना यात कुळाच्या हक्काचा गळा आवळला जाईल असं वाटतं, आणि १ एप्रिल १९५७चं मोल ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती शंका यायचीच. मलाही येते. पण आजच्या वाटेकऱ्याला कुळाचा हक्कही नाही आणि विमा-अनुदानही नाही. न मिळणाऱ्या मोठ्या हक्काच्या नावानं मिळू शकणारा छोटा हक्क किती दिवस अडवून धरायचा?

इथं १८७९कडे परत येतो. तेव्हाच्या न्यायाधीशाला कायद्यानं सांगितलं होतं की खताच्या मागे जा, खरा व्यवहार बघ. ते साहेबलोक काही रयतेचे सोयरे नव्हते. सुप्याचा बाजार पेटला म्हणून त्यांना हे सुचलं. पण त्यातून जे तत्त्व आलं ते आपलं आहे, आपल्याच भागातल्या पाचशे माणसांनी तुरुंगात जाऊन मिळवलेलं आहे. आज कर्जाचं खत नाही, सातबारा आहे. त्याच्याही मागे जाऊन बघायला हवं. ग्रामसभेला ठाऊक असतं कोण कुणाचं रान करतो. सोसायटीच्या सचिवाला ठाऊक असतं, खतवाल्या दुकानदाराला ठाऊक असतं, मोजून सांगायचं तर वजनकाट्यावरच्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त दप्तराला ठाऊक नसतं.

१८७५मध्ये या भागातल्या माणसाचं नाव कागदावर होतं म्हणून त्याला तो कागद जाळावासा वाटला. आज त्याच भागातल्या वाटेकऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही, आणि त्याला जाळण्यासारखंही काही नाही. पुढच्या हप्त्याच्या दिवशी मोबाइल वाजेल तेव्हा तो रानात असेल. तगाई या शब्दाचा अर्थ बळ देणं असा असेल, तर ते बळ आधी त्या रानात पोचायला हवं.